नातवाची पाठ आणि डब्लिनचे गोदाम



गुडघ्यांवरचा लेख वाचून बऱ्याच जणांनी फोन केले आणि ‘आता कंबरेवर लिहा’ अशी फर्माईश केली. लिहिणार होतेच, पण निमित्त आले ते डब्लिनहून.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू आयर्लंडला एम.एस. करायला गेला आहे. दर रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता तो आम्हां दोघी बहिणींना व्हिडिओ कॉल करतो. तिकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो नेहमीसारखा हसत बोलत होता. बहीण ‘जेवलास का, थंडी किती’ विचारत होती. मी मात्र त्याच्या बसण्याकडे पाहत होते. तो खुर्चीत डाव्या कुशीवर कलून, एका कुल्ल्यावर भार देऊन बसला होता. मधेच उठून उभा राहिला, टेबलाला टेकला, पुन्हा बसला. हाडांच्या वॉर्डात मी आयुष्याची एकवीस वर्षे काढली आहेत. असे बसणे मी ओळखते.

बहीण चहा टाकायला आत गेली तेव्हा मी विचारले, “पाठ कधीपासून दुखते?”

“काही नाही गं आजी, जरा उसण भरलीय.”

“किती दिवस झाले?”

“आठ-नऊ दिवस. आईला सांगू नकोस हं.”

आणि मग हळूहळू सगळे बाहेर आले. कॉलेज सांभाळून तो आठवड्यातून तीन संध्याकाळी एका मोठ्या गोदामात माल उतरवायला जातो. घरी आम्हांला ‘वेअरहाऊसमध्ये पार्टटाइम’ एवढेच ठाऊक होते. आम्ही समजत होतो, कॉम्प्युटरवर नोंदी करत असेल. खरे म्हणजे आमचा हा शिकलेला मुलगा हमाली करत होता. हमाली करणे यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो पाठ मोडेपर्यंत गप्प बसण्यात.

काम असते तरी कसे?

आयर्लंड बेट आहे. तिथल्या सुपरमार्केटमध्ये दिसणारा बराच माल जहाजाने डब्लिन बंदरात येतो आणि तिथून ट्रकने शहराबाहेरच्या गोदामांत जातो. डब्लिनच्या वायव्येला ब्लँचर्ड्सटाउनजवळ बॅलीकूलिन नावाचा भाग आहे, तिथे अशी पुष्कळ गोदामे आहेत. उत्तरेला डोनाबेट येथे एका सुपरमार्केट साखळीचे अवाढव्य वितरण केंद्र आहे. या गोदामांत माल साठून राहत नाही. एका दाराने येतो, वेगळा होतो आणि दुसऱ्या दाराने दुकानांकडे जातो. म्हणून काम दिवसरात्र पाळ्यांत चालते.

माल दोन तऱ्हांनी येतो. एक म्हणजे पॅलेटवर, लाकडी चौकटीवर रचून, वरून प्लॅस्टिक गुंडाळून. तो फोर्कलिफ्टने उचलता येतो, माणसाच्या पाठीला फारसा त्रास नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे कंटेनरमध्ये पेट्या सुट्या रचलेल्या. जागा वाया जाऊ नये म्हणून जमिनीपासून छतापर्यंत खच्चून भरतात. चाळीस फुटी कंटेनर आतून साधारण आठ फूट उंच असतो. तो हातानेच रिकामा करावा लागतो. वरच्या पेट्या डोक्यावरून ओढायच्या, खालच्या जमिनीतून उचलायच्या, वळायचे, पॅलेटवर ठेवायचे, पुन्हा वळायचे.

मी त्याला हिशोब करायला लावला. एका कंटेनरमध्ये हजार पेट्या, एकेक बारा किलोची, आणि उतरवणारे दोघे. म्हणजे बारा हजार किलो, प्रत्येकाच्या वाट्याला सहा टन. तो म्हणाला, “आजी, असा हिशोब मी कधी केलाच नव्हता.” पाठ मात्र तो हिशोब रोज करत होती.

त्या दिवशी काय झाले? शेवटच्या थराच्या पेट्या होत्या. पाळी संपायला पंधरा मिनिटे उरली होती, जोडीदार दुसऱ्या दाराला गेला होता. हा वाकला, पेटी उचलली आणि पाय न हलवता नुसती कंबर वळवून मागे ठेवू गेला. कंबरेत चमक निघाली. मिनिटभर तसाच वाकून उभा राहिला. मग दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि पुढच्या तीनही पाळ्यांना गेला.

वजनाचे गणित

आपण समजतो की बारा किलो म्हणजे तरण्या मुलाला काय जड! पण पाठीला नुसते वजन कळत नाही. वजन अंगापासून किती लांब आहे, किती उंचीवर आहे, मिनिटाला किती वेळा उचलायचे आहे आणि उचलताना कंबर वळते का, हे सारे पाठ मोजते. भरलेली बादली अंगाला चिकटवून धरा आणि तीच हात लांब करून धरा, म्हणजे कळेल.

आयर्लंडमध्ये हेल्थ अँड सेफ्टी ऑथॉरिटी नावाची सरकारी संस्था आहे. कायद्यात ‘इतक्या किलोच्या वर उचलू नये’ अशी सरसकट मर्यादा नाही, पण संस्थेने मार्गदर्शक आकडे दिले आहेत. पुरुषाने कंबरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरून २५ किलो, स्त्रीने १६ किलो. हात लांब केले की पुरुषाचे २५ चे १५ होतात. खांद्याच्या वर, अंगाजवळ १० किलो. खांद्याच्या वर आणि हात लांब असतील तर फक्त ५ किलो. जमिनीलगत हात लांब करून उचलायचे तरीही ५ च.

शिवाय हे आकडे अधूनमधून उचलण्याचे आहेत. मिनिटाला एक-दोनदा उचलायचे असेल तर त्यातले ३० टक्के कमी करायचे, मिनिटाला पाच ते आठ वेळा असेल तर निम्मे. अंग काटकोनात वळत असेल तर आणखी २० टक्के कमी. आता आमच्या मुलाची बारा किलोची पेटी पाहा. कंबरेजवळ ती सोपी आहे. कंटेनरच्या छताजवळून ओढताना किंवा तळातून उचलून वळताना तीच दुपटीहून अधिक जड ठरते.

तिथल्या २००७ च्या नियमांप्रमाणे मालकाने आधी पाहायचे की हे काम हाताने करायची गरज टाळता येते का. लांब-आखूड होणारा सरकता पट्टा कंटेनरच्या आतपर्यंत नेता येतो, पॅलेट वरखाली करणारे टेबल असते. टाळता येत नसेल तर चार गोष्टी तपासायच्या: काम, माणूस, वजन आणि जागा. जागेत उजेड, ओल, थंडी सगळे आले. फ्रोझन मालाच्या विभागात तापमान शून्याच्या खूप खाली असते, तिथे आखडलेल्या अंगाने एकदम वजन उचलणे म्हणजे उसण बोलावणे. कामगारांना उचलण्याचे प्रशिक्षणही द्यायचे असते, आणि ते दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावे असे संस्था सांगते. आमच्या मुलाकडे ते प्रमाणपत्र होते. अर्ध्या दिवसाच्या वर्गात रिकामे खोके उचलून मिळवलेले.

मी विचारलेले चार प्रश्न

त्या रविवारी मी त्याला चार गोष्टी विचारल्या. त्या तुम्हीही पाठ करून ठेवा. नातवंडांसाठी आणि स्वतःसाठीही.

पहिला: दुखणे कंबरेतच आहे की पायात उतरते? गुडघ्याच्या खाली जाते का? 

दुसरा: मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का? टाचेवर आणि चवड्यावर चालून दाखव.

तिसरा: लघवी नीट होते का? अडते, किंवा न कळत होते का? शौचावरचा ताबा गेला आहे का? 

चौथा: बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बधिरपणा वाटतो का?

तिसरा प्रश्न विचारताच तो लाजला. मी म्हटले, “लाजू नकोस. मी आधी नर्स आहे, मग आजी.”

तिसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, किंवा पायातली शक्ती झपाट्याने जात असेल, तर दिवस पाहायचे नाहीत, तास पाहायचे. मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. आयर्लंडमध्ये ११२ किंवा ९९९ लावायचा, आपल्याकडे १०८ किंवा ११२.

देवाच्या दयेने त्याचे तसे नव्हते. दुखणे डाव्या पोटरीपर्यंत उतरत होते आणि पावलात मुंग्या येत होत्या, पण टाचेवर चालता येत होते. मी सांगितले, “उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि पेटीला हात लावायचा नाही.”

तेव्हा तो जे बोलला ते माझ्या मनाला लागले. “आजी, सुट्टी घेतली तर एजन्सी दुसऱ्याला बोलावेल. घरभाडं कसं देऊ? पप्पांनी फ्लॅटवर कर्ज काढलंय.”

एका हमालाची आठवण

मला माझे जुने दिवस आठवले. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वॉर्डात मस्जिद बंदर, दाणाबंदर भागातले हमाल येत. तेव्हा शंभर किलोची पोती पाठीवर घेत. डोक्याला चुंबळ, हातात हूक. एकाला मी डॉक्टरांचा निरोप मोठ्या आवाजात सांगितला, “तीन आठवडे पूर्ण विश्रांती!” तो हात जोडून म्हणाला, “बाई, ती कुठल्या दुकानात मिळते?” मी चिडले होते. मला वाटले, औषधोपचाराची थट्टा करतो. पुढे कळले, घरी पाच खाणारी तोंडे होती आणि टोळीत त्याची जागा दुसऱ्याला मिळाली होती. तो तीन आठवड्यांनी आला नाही. कधीच आला नाही.

अशा लोकांसाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे हमालाला मिळू लागले. डब्लिनलाही हीच कहाणी आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदी कामगारांना मजुरी दारूच्या गुत्त्यात वाटली जाई. जिम लार्किनने ही प्रथा मोडायला लावली. १९१३ मध्ये तिथल्या मालकांनी संघटनेतल्या हजारो कामगारांना कामाबाहेर ठेवले, ती टाळेबंदी पुढच्या वर्षापर्यंत चालली. ओ’कॉनेल स्ट्रीटवर लार्किनचा दोन्ही हात उंचावलेला पुतळा आहे. नातवाने मला त्याचा फोटो पाठवला होता. तेव्हा त्याला पुतळा कोणाचा ते माहीत नव्हते. आता माहीत आहे.

सुट्टीचा पगार

या वेळी मी ‘विश्रांती घे’ म्हणून फोन ठेवला नाही. त्याला म्हटले, तिथला कायदा काय सांगतो ते शोध. कॉलेजच्या विद्यार्थी कार्यालयात गेला, तिथल्या बाईंनी सगळे समजावून दिले.

आयर्लंडमध्ये १ जानेवारी २०२३ पासून आजारपणाची पगारी रजा कायद्याने मिळते. आधी वर्षाला तीन दिवस होते, २०२४ पासून पाच दिवस. पगाराच्या ७० टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ११० युरो. अट दोन गोष्टींची: त्या मालकाकडे सलग तेरा आठवडे काम झालेले हवे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. आमच्या मुलाचे ऑक्टोबरपासून काम चालू होते, म्हणजे अट पुरी झाली होती. ही रजा पार्टटाइम कामगारालाही आहे. कामावर झालेल्या दुखापतीमुळे कोणी सलग तीन दिवसांहून अधिक कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने ते हेल्थ अँड सेफ्टी ऑथॉरिटीला कळवायचे असते. म्हणून दुखापत झाली त्याच दिवशी सुपरवायझरला सांगून नोंदवहीत लिहायला लावावी. आमच्या मुलाने इथेच चूक केली होती. व्हिसाला बाधा येईल या भीतीने गप्प राहिला. विद्यार्थ्यावर बंधन आहे ते तासांचे: सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ठरावीक सुट्टीच्या काळात ४० तास. दुखापत सांगण्याला बंदी नाही.

एजन्सीने आधी कानांवर हात ठेवले. याने प्रमाणपत्र आणि कायद्याचे कलम ई-मेलने पाठवले. दोन आठवड्यांनी त्याच्या हुकलेल्या पाळ्यांचे पैसे आले. फार नव्हते. तिथे २०२६ मध्ये किमान मजुरी तासाला १४.१५ युरो आहे, त्याच्या ७० टक्के. पण त्या महिन्याचे भाडे भागले.

तिथल्या कामाच्या वेळेचे नियमही कळले. साडेचार तासांनंतर पंधरा मिनिटे आणि सहा तासांनंतर अर्धा तास विसावा, दोन पाळ्यांत अकरा तासांचे अंतर, आणि आठवड्यातून एकदा सलग चोवीस तास विश्रांती. हे ऐकून बहीण म्हणाली, “मग आपले शनिवार तेली काय वेगळं करत होते?” खरे आहे. कोकणात आपल्या पूर्वजांचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गावाने ते नाव दिले. बैलालाही त्या दिवशी जू नसे.

डॉक्टर काय म्हणाले?

डॉक्टरांनी तपासून सांगितले की लगेच एम.आर.आय. नको. मणक्यांमधली गादी थोडी सरकून मज्जातंतूला लागत असावी. बहुतेकांचे असे दुखणे सहा आठवड्यांत बरेच उतरते. अंथरुणात पडून राहू नये, दुखणे सोसवेल तेवढे चालावे. वजन उचलणे काही काळ बंद, फिजिओथेरपी चालू. गोळ्या भरल्या पोटी, आणि त्या काही दिवसांपुरत्याच. गोळीने दुखणे झाकून वजन उचलत राहणे हे सगळ्यांत घातक. कमरेचा पट्टा बांधला म्हणजे कितीही उचलता येते, हाही गैरसमज.

मी भर घातली ती एवढीच: कोणाकडून कंबर ‘कडकन’ मोडवून घेऊ नकोस, आणि डॉक्टरांना व्हिटॅमिन डीबद्दल विचार. तिथे हिवाळ्यात ऊन इतके तिरपे असते की आपल्यासारख्या सावळ्या कातडीला त्यातून काही मिळत नाही.

आता आपल्यासाठी

वाचकहो, आपण कंटेनर उतरवत नाही, पण गोदाम आपल्या घरातही आहे. भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. वर दिलेले आकडे पुन्हा वाचा, ते धडधाकट कामकरी माणसांसाठीसुद्धा कमी आहेत. सिलिंडर उचलू नका, तिरका करून फिरवूही नका, आणणाऱ्यालाच जागेवर लावायला सांगा.

बादली अर्धीच भरा. तांदूळ-पिठाचे डबे कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा, माळ्यावर नको आणि ओट्याखालीही नको. एक मोठी पिशवी आणण्यापेक्षा दोन लहान पिशव्या दोन हातांत घ्या. वळायचे असेल तेव्हा कंबर नको, पाऊल वळवा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा आणि हातावर भार देऊन उठा. नातवंड-पतवंड कडेवर मागत असेल तर आपण सोफ्यावर बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे.

आपल्या वयात हाडे विरळ झालेली असतात. बादली उचलताना किंवा नुसते वाकताना पाठीच्या मधोमध अचानक तीव्र कळ आली तर मणका चेपलेला असू शकतो. तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतरचे दुखणे, ही सगळी लवकर तपासणी करण्याची कारणे. आणि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मी हे सांगते, पण मीही तरुणपणी बेशुद्ध रुग्णांना एकटीने पलंगावर सरकवले आहे. वॉर्डात माणसे कमी, कोणाला हाक मारणार? आज माझी कंबर पावसाळा आधी ओळखते. नर्सही हमालच असते, फक्त पोत्याला नाव असते.

आमचा मुलगा आता बरा आहे. पाचव्या आठवड्यात कामावर गेला, आधी पेट्यांवरचे लेबल तपासायचे हलके काम मिळाले. महिनाभराने पुन्हा माल उतरवायला लागला. भाडे आहे, कर्ज आहे, दुसरे काम मिळेपर्यंत करावेच लागेल. पण आता जोडीदार आल्याशिवाय कंटेनरमध्ये पाऊल टाकत नाही, असे सांगतो. आईला त्याने स्वतः सगळे सांगितले. ती रडली, मग रागावली, मग विचारले की गोळ्या जेवणानंतर घेतोस ना.

तुमचे कोणी डब्लिनला, टोरांटोला, अश्दोदला असेल तर पुढच्या कॉलमध्ये ‘जेवलास का’ इतकेच विचारू नका. ‘आज किती वजन उचललंस’ असेही विचारा. आणि तो बसतो कसा, तेही पाहा.